हाक कुणाची

सन्मतीच्या गाडीत दुसऱ्या बाईचा आवाज आला तेव्हा सुनीती त्याच्या शेजारच्याच सीटवर बसली होती. नणंदेकडचं बारसं उरकून दोघं घरी निघाले होते. पाऊस उघडला होता. जांभळीच्या ओढ्यावरच्या फरशी पुलावरून लालसर पाणी वाहत होतं. लांबून बघणाऱ्याला वाटावं, असेल घोटाभर. सन्मतीलाही तसंच वाटलं असावं. त्यानं गाडी हळू केली, पण थांबवली नाही. तेवढ्यात समोरच्या स्पीकरमधून आवाज आला.

"सन्म्या, थांब! मागं घे गाडी."

सन्मतीचा पाय ब्रेकवर असा काही पडला की सुनीतीच्या मांडीवरचा डबा खाली आपटला आणि बुंदीचे लाडू पायाशी घरंगळले. गाडी पाण्यापासून चांगली लांब उभी राहिली. सन्मतीनं ती मुकाट्यानं मागं घेतली, वळवली आणि वरच्या उंच पुलाच्या लांबच्या रस्त्याला लावली.

बऱ्याच वेळानं सुनीतीनं विचारलं, "कोण ही?"

"हाक आहे. तुमच्याच केंद्राची."

"हाक केंद्राची हो. आवाज कुणाचा?"

"मला काय ठाऊक? मशीन निवडतं ना आवाज."

"सन्म्या म्हणून तुम्हाला तुमची आईसुद्धा हाक मारत नाही."

सन्मतीचे कान लाल झाले होते. दहा गावची गुरं तपासणारा, लाथाळ म्हशीला नुसत्या बोलण्यानं शांत करणारा हा माणूस स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून बसला होता. शेवटी म्हणाला, "रेवती घोरपडे. व्हेटर्नरी कॉलेजात माझ्या वर्गात होती. आता फलटणकडं शेळ्यांवर संशोधन करते. झालं?"

सुनीती वाकून एकेक लाडू गोळा करत राहिली.

'हाक' म्हणजे काय, हे तालुक्यात सुनीतीइतकं कुणाला सांगता येत नसे, कारण पूरसूचना केंद्रात तिचं कामच ते होतं. गावोगाव जाऊन ती लोकांना समजावून सांगायची.

डोंगरातून लोंढा कधी येणार हे ओळखणं आता अवघड राहिलं नव्हतं. ओढ्याकाठच्या रस्त्यांखालून प्रकाशतंतूंच्या केबली गेल्या होत्या. वर कुठं ढगफुटी झाली की ओढ्याच्या तळातले धोंडे गडगडायला लागतात. त्यांचा हादरा जमिनीतून पाण्याच्या कितीतरी पुढं धावतो. केबल तो हादरा टिपायची आणि केंद्रातलं यंत्र त्यावरून सांगायचं की पाणी किती आहे, कुठल्या पुलावर येणार आहे. खाली ऊन पडलेलं असायचं, ओढा नितळ असायचा, आणि यंत्राला मात्र लोंढा ऐकू येत असायचा.

अडचण पाण्याची नव्हती, माणसाची होती. पाट्या लावून झाल्या, लाल दिवे झाले, आडवे दांडे झाले. लोक दांडा उचलून गाडी घालायचे. प्रत्येकाला वाटायचं, एवढंसं तर पाणी आहे. वाहतं पाणी गुडघ्यापर्यंत आलं की ते गाडीला उचलतं, चाकांची रस्त्यावरची पकड सुटते आणि मग स्टिअरिंग कितीही फिरवलं तरी गाडी पाण्याच्याच मर्जीनं जाते. गढूळ पाण्याखाली रस्ता शाबूत आहे की वाहून गेलाय हे तर वरून कुणालाच कळत नाही. सुनीती हे सांगायची तेव्हा सगळे माना डोलवायचे, आणि पुढच्या पावसात त्यांच्यातलाच कुणीतरी वाहून जायचा. गाडीनं स्वतःच ब्रेक लावावा अशीही व्यवस्था करून पाहिली होती. पण कुठल्याशा पुलावर भर पाण्यात एका गाडीची चाकं जागच्या जागी जखडली, माणसाला ती पुढंही नेता येईना आणि मागंही. त्यानंतर कायदा झाला, की यंत्रानं फक्त सांगायचं आणि ठरवायचं माणसानं.

मग शास्त्रज्ञांनी माणसाच्या मेंदूकडं मोर्चा वळवला. अनोळखी आवाजातली सूचना माणूस आधी ऐकतो, मग तोलतो, मग पाळतो किंवा पाळत नाही. पण काही आवाज असे असतात की ते कानात शिरले की पाय आधी हलतो आणि विचार मागून येतो. असा आवाज प्रत्येकाचा वेगळा. तो शोधायची रीत सोपी होती. माणसानं संमती दिली की त्याच्या फोनमधले जुने-नवे आवाजी निरोप यंत्र चाळायचं. मग उन्हाळ्यातल्या कोरड्या रस्त्यावर, खड्डा आला, गतिरोधक आला, अशा फुटकळ सूचना वेगवेगळ्या आवाजांत देऊन बघायचं. स्टिअरिंगवरची पकड, नाडी आणि पाय ब्रेकवर जायला लागलेला वेळ यांची नोंद सीटखालचं यंत्र ठेवायचं. ज्या आवाजाला पाय सगळ्यांत लवकर जाईल, तो आवाज पुराच्या वेळेसाठी राखून ठेवला जायचा. आवाजाच्या मालकाला कुणासाठी ते कळवून त्याची परवानगी घेतली जायची आणि त्याच्याच तोंडून इशाऱ्याची वाक्यं नोंदवून घेतली जायची.

दोन पावसाळ्यांत तालुक्यात पुलावरून वाहून एकही माणूस गेला नाही. पण घराघरांत भलतीच भांडणं सुरू झाली. एका सरपंचांना कळलं की आपला तरणाताठा मुलगा बापाच्या नव्हे, मामाच्या हाकेला थांबतो. एक कीर्तनकार बुवा शाळेतल्या कवायतीच्या मास्तरांच्या आवाजाला ब्रेक मारत होते. एका आजीबाईंनी सुनेला तोंडावर विचारलं, "माझ्या लेकाला तुझ्या आईचा आवाज बरा चालतो गं?" सुनीती असल्या गोष्टी घरी येऊन सांगायची आणि दोघं पोट धरून हसायचे. सन्मतीच्या गाडीत कुणाचा आवाज असेल, हा प्रश्न तिला कधी पडलाच नव्हता. स्वतःच्या आवाजातली वाक्यं तिनं मोठ्या हौसेनं नोंदवून ठेवली होती.

त्या संध्याकाळी तिनं आमटीला फोडणी दिली, भाकऱ्या थापल्या, आणि ताट वाढता वाढता विचारलं, "काय होतं तुमचं?"

"सुनी, वीस वर्षं झाली."

"मी वर्षं नाही विचारली."

सन्मतीनं भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच ताटात ठेवला. "मी तिला लग्नाचं विचारलं होतं. ती नाही म्हणाली. मी पुन्हा विचारलं, ती पुन्हा नाही म्हणाली. तिचं नाही म्हणजे नाहीच असायचं. त्यात बोलायला जागा नसायची. तेवढंच होतं, आणि तिथंच संपलं. मशीनला ते कुठं सापडलं देव जाणे. आमच्या बॅचच्या ग्रुपवर कधीतरी तिनं निरोप टाकले असतील."

"आणि माझं नाही?"

तो हसला. तेच त्याचं चुकलं. "तुझं काय, मी जरा गोड बोललो की तुझं हो होतं."

एरवी या वाक्यावर सुनीती लाजली असती. त्या दिवशी ते तिच्या छातीत काट्यासारखं रुतलं. सोळा वर्षांच्या संसारात तिनं या माणसाची आजारपणं काढली होती, त्याचे शेणानं भरलेले बूट धुतले होते, पावसात तो परतेपर्यंत उंबऱ्यात उभी राहिली होती. आणि त्याच्या जिवावर बेतलं की त्याला थांबवायला दुसरीच बाई! तीही अरे-तुरे करून!

दिवसामागून दिवस ती आतल्या आत जळत राहिली. सन्मती गाडी घेऊन निघाला की तिच्या मनात येई, आता ही दोघं निघाली. त्याच्या डॅशबोर्डात जणू सवतच बसली होती. केंद्रात काम करताना तिचा हात आपोआप सन्मतीच्या नोंदीकडं जायचा. आवाजाच्या मालकिणीचं नाव, गाव, फोन नंबर, सगळं तिथं होतं. रेवतीनं परवानगी देताना खाली एक ओळ लिहिली होती: 'त्याच्या उपयोगी पडत असेल तर आनंदच आहे.' सुनीतीनं ती ओळ इतक्या वेळा वाचली की अक्षरन् अक्षर तिला टोचू लागलं. आनंद! हिला कसला एवढा आनंद? तिनं रेवतीचा फोटो शोधला. चारचौघींसारखीच होती, चष्मा, कापलेले केस, खांद्यावर करडू. नटवी असती तर बरं झालं असतं, नावं तरी ठेवता आली असती.

एके दुपारी केंद्रातली मंडळी चहाला खाली गेली होती. सुनीतीनं सन्मतीची नोंद उघडली. कुटुंबातल्या कुणाचा अर्ज आला तर आवाज बदलायची सोय होती, फक्त केंद्रप्रमुख इनामदार मॅडमनी तो तपासायचा असे. मॅडमच्या वतीनं मंजुरी द्यायचा अधिकार सुनीतीला होता, गर्दीच्या दिवसांसाठी दिलेला. तिनं रेवतीचा आवाज काढला आणि स्वतःचा घातला. पडद्यावर पिवळी पट्टी आली: 'या आवाजाला प्रतिसाद मंद आहे. बदल करायचा का?'

तिनं ती पट्टी नीट वाचली. मंद म्हणे! सोळा वर्षांचा संसार मोजायला निघालंय मशीन. तिनं 'हो' दाबलं.

नंतरचे काही दिवस ती घरात गुणगुणत होती. सन्मतीला वाटलं, राग गेला.

त्या मंगळवारी तालुक्यात लख्ख ऊन होतं. लोकांनी वाळवणं बाहेर काढली होती. जेवणाच्या सुट्टीआधी सन्मतीचा फोन आला. ओढ्यापलीकडच्या धनगरवाड्यावर म्हैस अडली होती, वासरू आडवं आलं होतं, तो निघाला होता. "संध्याकाळी खरवस मिळाला तर आणतो," तो म्हणाला.

फोन ठेवते न ठेवते तोच वरच्या खोऱ्यातल्या केबलीनं हादरा टिपला. घाटमाथ्यावर ढग फुटला होता. पडद्यावर जांभळीचा ओढा आधी पिवळा झाला आणि बघता बघता लाल झाला. इनामदार मॅडम खुर्चीवरून उठून मागं येऊन उभ्या राहिल्या. "पुलाजवळ कुणी आहे का बघा."

एकच ठिपका होता, आणि त्याचं नाव वाचायची सुनीतीला गरज नव्हती.

यंत्रानं हाक दिली. केंद्रात ती ऐकू यायची सोय होती. खोलीभर सुनीतीचाच आवाज उमटला, मऊ, काळजीनं भरलेला: "अहो, थांबा ना. पुढं पाणी आहे. मागं फिरा."

ठिपका हळू झाला नाही.

"अहो, थांबा ना. पुढं पाणी आहे."

सन्मतीच्या नाडीचा आकडा किंचित खाली आला. सुनीती बघतच राहिली. तिचा आवाज ऐकून त्याचं काळीज शांत होत होतं. गाडी पुलावर चढली.

तेवढ्यात लोंढा आला. पुलाच्या कॅमेऱ्यात काही क्षण नुसता चिखलाचा रंग दिसला, मग पांढरी गाडी दिसली. ती पुलावर नव्हती. पाण्यानं तिला उचलून खालच्या अंगाला फेकलं होतं आणि काठच्या करंजाच्या झाडाला तिचं नाक अडकलं होतं.

मॅडम बचाव पथकाला फोन लावत होत्या. सुनीतीनं गाडीची थेट लाईन उघडली. "अहो! काच खाली करा! बाहेर पडा, टपावर चढा!"

"सुनी?" त्याचा आवाज दमलेला होता, पण तिची समजूत घालायचा सूर तोच होता. "घाबरू नकोस गं. झाडाला अडकलीय गाडी. मोटर सुरू होतेय का बघतो."

"मोटर सोडा! काच उघडा आधी!"

"पाणी आत येईल ना, वेडी. ही औषधांची पेटी आहे, पलीकडं म्हैस… तू शांत हो बघू. होतंय सगळं."

मरणाच्या दारातही हा माणूस तिला गोंजारत होता. ती ओरडली, रडली, देवाची शपथ घातली. "हो हो, बघतो," तो म्हणाला आणि पुन्हा मोटर चालू करायचा प्रयत्न करत राहिला. पाणी दाराच्या मध्यापर्यंत आलं होतं. ते आणखी चढलं की विजेची काच उतरणार नव्हती आणि पाण्याच्या दाबानं दारही उघडणार नव्हतं. हे तिनं शेकडो लोकांना शिकवलं होतं.

यंत्रातला आवाज बदलून उपयोग नव्हता. नोंदवलेल्या वाक्यांत 'थांब' आणि 'मागं घे' एवढंच होतं. सुनीतीनं दुसरा फोन उचलला. नंबर बघावा लागला नाही.

"रेवतीताई, मी सुनीती. सन्मतीची बायको. त्यांची गाडी पुरात आहे. माझं ऐकत नाहीत. तुमचं ऐकतील. पट्टा सोडायचा, काच उतरवायची, टपावर चढायचं, तिथून झाडावर. सांगा त्यांना. पाया पडते तुमच्या."

पलीकडून एकही प्रश्न आला नाही. "जोडा," एवढंच रेवती म्हणाली.

सुनीतीनं लाईन जोडली.

"सन्म्या, रेवती बोलतेय. पट्टा सोड."

"रेवती? तू कशी…"

"बोलू नकोस. पट्टा सोडलास?"

"…सोडला."

"काच खाली घे. पूर्ण. पेटी राहू दे. राहू दे म्हणाले ना! पाणी येऊ दे आत. आता वरची कड धर आणि बाहेर ये. तोंड झाडाकडं. पाण्यात पाय टाकायचा नाही, वर चढायचं."

कॅमेऱ्यात एक हात दिसला. मग डोकं, मग भिजलेला निळा शर्ट. तो टपावर पालथा पडला, गुडघ्यावर आला आणि त्यानं करंजाची फांदी कवटाळली. रेवती बोलतच होती, आता तिचा आवाज त्याच्यापर्यंत पोचत होता की नाही कोण जाणे. थोड्या वेळानं पाण्यानं गाडी खालून ओढून नेली. फांदीवर सन्मती होता.

केंद्रातल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सुनीतीनं वाजवल्या नाहीत. नवरा वाचला म्हणून ती देवाचे आभार मानत होती आणि त्याच वेळी मनात खोल कुठंतरी एक किडा वळवळत होता: किती पटकन ऐकलं तिचं! स्वतःचीच तिला शिसारी आली. पण किडा वळवळायचा थांबला नाही.

पथकानं दोर टाकून त्याला काठावर घेतलं. ॲम्ब्युलन्स निघाल्याचं कळल्यावर सुनीती इनामदार मॅडमच्या टेबलासमोर उभी राहिली. "मॅडम, त्यांचा आवाज मी बदलला होता. पिवळी पट्टी वाचून बदलला."

मॅडमनी चष्मा काढला. बराच वेळ काच पुसत राहिल्या. "उद्यापासून तुम्ही या पडद्यासमोर बसायचं नाही," त्या म्हणाल्या. "पुढं काय ते वरचे ठरवतील. आत्ता दवाखान्यात जा."

ग्रामीण रुग्णालयात सन्मती खाटेवर घोंगडी पांघरून बसला होता. कपाळाला टाके, हातभर खरचटलेलं. तिला बघून तो हसला. "म्हशीचं कळलं का? पलीकडच्या वाटेनं दुसरा डॉक्टर गेलाय म्हणे."

"नाही कळलं." ती खाटेच्या कडेला उभी राहिली. "तुम्ही थांबला का नाहीत?"

सन्मतीनं आठवायचा प्रयत्न केला. "काय सांगू? पुलाजवळ तुझा आवाज आला. बरं वाटलं गं. म्हणजे घरी आल्यासारखं वाटलं. सगळं ठीकच असणार असं वाटलं."

गेले कित्येक दिवस हेच वाक्य ऐकायला ती आसुसली होती. आता ते मिळालं आणि तिला ऐकवेना.

"तो आवाज मी घातला होता," ती म्हणाली. "रेवतीचा काढून. मला सहन होत नव्हतं. मशीननं सांगितलं होतं, तुमचा पाय लवकर उचलणार नाही. तरी मी घातला."

सन्मतीच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. त्यानं तिच्याकडं पाहिलं, मग खिडकीबाहेर पाहिलं. अंगणात कुणाचं तरी सुकायला घातलेलं लुगडं वाऱ्यानं फडफडत होतं.

"मेलो असतो मी, सुनी."

"हो."

"नुसता हेवा वाटला म्हणून."

"हो."

सुनीतीला वाटलं, आता तो तोंड फिरवेल. त्यानं विचारलं, "मग रेवतीला फोन कुणी लावला? मॅडमनी?"

"मी."

"तू?"

"माझं ऐकत नव्हता. काय करू मग?"

सन्मतीचा राग गेला नव्हता. कपाळावरची शीर तशीच ताठ होती. पण त्यानं दुखऱ्या कुशीवर भार देऊन अंग सरकवलं आणि खाटेवर तिच्यापुरती जागा केली. सुनीती बसली. दोघांचे खांदे एकमेकांना लागले आणि दोघांनीही ते काढून घेतले नाहीत.

तेवढ्यात तिच्या पर्समधला फोन वाजला. नाव बघून तिनं एकदा सन्मतीकडं पाहिलं. तिनं फोन कानाला लावला.

"हो, रेवतीताई. सुखरूप आहेत. टाके पडलेत थोडे. नाही, नाही, तुमचे उपकार… हो, शुद्धीत आहेत. इथंच आहेत. बोला ना त्यांच्याशी."

तिनं फोन सन्मतीच्या हातात दिला. पण उठून बाहेर मात्र ती गेली नाही.